दुपारी दोनचं महायुद्ध

१९५८ साली ब्रिटनमधल्या चित्रपट व्यावसायिकांनी एक संस्था काढली. फिल्म इंडस्ट्री डिफेन्स ऑर्गनायझेशन हे तिचं नाव. आद्याक्षरं जुळवली की ‘फायडो’ होतं, दारात राखणीला बसवलेल्या कुत्र्याला शोभेल असं. राखण करायची होती ती टेलिव्हिजनपासून. थिएटरांच्या तिकीटविक्रीतून थोडा थोडा पैसा बाजूला काढायचा, तो निर्मात्यांना द्यायचा आणि बदल्यात लिहून घ्यायचं की हा चित्रपट टीव्हीवर दाखवला जाणार नाही. जो ऐकणार नाही त्याचे पुढचे चित्रपट थिएटरमालक लावणार नाहीत, ही धमकी वरून. घबराट समजण्यासारखी होती. १९४६ मध्ये ब्रिटनमध्ये सिनेमाची १६३ कोटींहून अधिक तिकिटं खपली होती. १९५३च्या जूनमध्ये राणीचा राज्याभिषेक पाहायला लोकांनी टीव्ही संच घेतले, आणि १९६० उजाडेपर्यंत तिकिटांचा आकडा ५० कोटींच्या आसपास आला.

फायडोचा बंदोबस्त साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत कसाबसा टिकला. मग जुने चित्रपट टीव्हीवर यायला लागले ते थांबलेच नाहीत, आणि ज्या पेटीपासून त्यांना वाचवायचं होतं त्याच पेटीने त्यांना वाचवलं. ब्रिटिश युद्धपटांविषयीच्या या पुस्तकातले बरेचसे चित्रपट आज कुणाला ठाऊक असतील तर त्याचं श्रेय समीक्षकांना फारसं जात नाही. ते जातं दुपारी दोन ते चारची रिकामी जागा स्वस्तात भरायची म्हणून हातात येईल तो डबा उचलणाऱ्या कुणा अनाम कार्यक्रम-नियोजकाला.

त्या माणसाला काय हवं असे? पावणेदोन तासांच्या आत संपणारं, घरात म्हातारी माणसं आणि पोरं बसलेली असताना लावता येईल असं, आणि फार महाग नसलेलं काहीतरी. ब्रिटिश युद्धपट या मापात नेमके बसत. शिवाय चित्रपट सुटे विकले जात नसत, गठ्ठ्याने विकले जात. एखादा गाजलेला हवा असेल तर त्याच्याबरोबर न गाजलेले दहा घ्यावे लागत. घेतलेच आहेत तर ते कधीतरी लावणंही आलं. नावाजलेल्या ‘डॅम बस्टर्स’साठी सुटीचा दिवस राखून ठेवत आणि बाकीच्यांना मंगळवारची पावसाळी दुपार मिळे. मंगळवारी दुपारी घरी असणारे, म्हणजे आजारी मुलं, निवृत्त लोक, रात्रपाळीचे कामगार, हे या चित्रपटांचे दुसरे प्रेक्षक. पहिल्या प्रेक्षकांपेक्षा त्यांनी हे चित्रपट जास्त लक्ष देऊन पाहिले असा माझा समज आहे.

तांत्रिक बाजूही या चित्रपटांच्या पथ्यावर पडली. १९५३च्या आधीचा सिनेमा जवळजवळ चौकोनी चौकटीत चित्रित होई, आणि जुन्या टीव्हीचा पडदा चारास तीन या प्रमाणात असे. म्हणजे युद्धकाळात झालेला चित्रपट घरच्या काचेवर अख्खा मावायचा. त्यानंतर आलेल्या सिनेमास्कोपच्या रुंद चित्रपटांचं तसं नव्हतं. त्यांच्या दोन्ही बाजू छाटाव्या लागत आणि बोलणाऱ्या दोघांपैकी एकाचं नुसतं नाक दिसे. थिएटरात सेकंदाला २४ चौकटी सरकतात, ब्रिटिश टीव्हीवर २५; त्यामुळे शंभर मिनिटांचा चित्रपट चार मिनिटं लवकर संपायचा आणि सगळ्यांचे आवाज किंचित पातळ व्हायचे. ही सगळी माणसं एवढ्या तुटकपणे का बोलतात, याचं थोडं कारण तेही असेल.

अटलांटिकपलीकडे गोष्ट निराळीच घडली. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला हॉलिवूडच्या बड्या स्टुडिओंनी आपले चित्रपट टीव्हीला द्यायला नकार दिला होता. अमेरिकन वाहिन्यांना तर रोज काहीतरी दाखवायचं होतं. पैशाची चणचण असलेले ब्रिटिश निर्माते मात्र विकायला तयार होते. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूओआर वाहिनीवर ‘मिलियन डॉलर मूव्ही’ नावाचा कार्यक्रम होता. त्यात एकच चित्रपट आठवडाभर पुन्हा पुन्हा लावत. दम्यामुळे घरात बसावं लागणारा मार्टिन स्कोर्सेसी नावाचा मुलगा तिथे मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर या जोडगोळीचे चित्रपट पाहत होता. कापलेले, मध्ये जाहिराती घुसवलेले, आणि रंगीत असले तरी काळ्या-पांढऱ्या संचावर. थेल्मा स्कूनमेकर नावाच्या मुलीनेही टीव्हीवर असाच ‘द लाइफ अँड डेथ ऑफ कर्नल ब्लिंप’ पाहिला. पुढे ती स्कोर्सेसीची संकलक झाली आणि १९८४ मध्ये तिने मायकेल पॉवेलशी लग्न केलं. तोवर खुद्द इंग्लंडात पॉवेलला विसरून जमाना झाला होता. १९६०च्या ‘पीपिंग टॉम’नंतर समीक्षकांनी त्याला असं झोडपलं की त्याची कारकीर्दच बसली.

‘ब्लिंप’चं तर जन्मापासूनच वाकडं होतं. १९४३ म्हणजे युद्ध ऐन भरात. एक जुन्या वळणाचा, टक्कल पडलेला इंग्रज सेनाधिकारी आणि त्याचा आयुष्यभराचा जर्मन मित्र, अशी ही कथा. चर्चिलना हा चित्रपट होऊच नये असं वाटत होतं. नौदलाच्या विमानदळात असलेल्या लॉरेन्स ऑलिव्हिएला त्यासाठी सोडलं नाही, म्हणून रॉजर लिव्हसी आला; आणि आता ऑलिव्हिए त्या जागी डोळ्यांपुढे आणवतच नाही. जर्मन मित्राची भूमिका केली अँटन वॉलब्रुकने. तो व्हिएन्नाचा, नाझींमुळे परागंदा झालेला. पटकथा लिहिणारा प्रेसबर्गरही हंगेरीचा ज्यू, बर्लिन सोडून आलेला. इंग्रजी स्वभावाचं एवढं मायाळू आणि एवढं बोचरं चित्र दोन निर्वासितांच्या मदतीने उभं राहिलं. मूळ १६३ मिनिटांचा हा चित्रपट पुढे निरनिराळ्या कात्र्यांखाली आखडत गेला. ऐंशीच्या दशकात तो पुन्हा मूळ लांबीला आला आणि नंतर स्कोर्सेसीच्या संस्थेच्या मदतीने त्याचे रंगही परत आणले गेले. लहानपणी टीव्हीवर पाहिलेल्या तुकड्यांचं देणं त्याने असं फेडलं.

इथे थोडं थांबून या चित्रपटांवरच्या आक्षेपाविषयी बोललं पाहिजे, कारण तो खरा आहे. पन्नासच्या दशकातल्या ब्रिटिश युद्धपटांवर त्या वेळच्या तरुण समीक्षकांचा राग होता. अधिकारी सगळे उच्चभ्रू इंग्रजी बोलणारे, शिपाई सगळे विनोदापुरते, बायका टेलिफोनपाशी वाट बघणाऱ्या. शत्रू दूर कुठेतरी, शंका कुठेच नाही. साम्राज्य हातातून निसटत असताना जुन्या विजयाची उजळणी करत बसायचं, असा तो आरोप. तारखा पाहिल्या तर तो पटतोही. ‘डॅम बस्टर्स’ आणि ‘द कोल्डिट्झ स्टोरी’ १९५५चे. १९५६ मध्ये पाय गमावलेल्या वैमानिक डग्लस बेडरवरचा ‘रीच फॉर द स्काय’ तुफान चालला, आणि त्याच वर्षाच्या शरदात सुएझला ब्रिटनची नाचक्की झाली.

पण हा आरोप गाजलेल्या चित्रपटांना लागू पडतो. गठ्ठ्यातल्या उरलेल्या दहांना तो लावून पाहिला की गडबडतो. मी या पुस्तकाच्या वाटेला लागलो ते त्यामुळे. टीव्हीला अभिरुची नसते, हा त्याचा मोठा गुण आहे. तो चांगलं-वाईट निवडत नाही, म्हणून समीक्षकाने टाकून दिलेलंही पुन्हा समोर येतं. आणि ते समोर आल्यावर लक्षात येतं की विजयाचे सोहळे करणाऱ्या या देशात, त्याच वर्षांत, त्याच स्टुडिओंत, त्याच नटांना घेऊन एक दुसरा सिनेमाही चालू होता. तो विचारत होता: जिंकलो खरे, पण जिंकताना काय काय केलं?

‘यस्टरडेज एनिमी’ घ्या. १९५९चा, व्हॅल गेस्ट दिग्दर्शित, आणि काढला कुणी तर हॅमर फिल्म्सने, ज्यांना आपण ड्रॅक्युलासाठी ओळखतो. त्याचा उगमही टीव्हीतलाच: पीटर न्यूमनचं नाटक आधी बीबीसीवर झालं होतं. ब्रह्मदेशातल्या दलदलीत मागे हटणारी एक ब्रिटिश तुकडी एका खेड्यात शिरते. तिथे एक खबऱ्या सापडतो, त्याच्याकडून माहिती हवी आहे, तो बोलत नाही. कॅप्टन लँगफर्ड (स्टॅन्ले बेकर) दोन निरपराध गावकऱ्यांना गोळ्या घालायचा हुकूम देतो, खबऱ्याने बोलावं म्हणून. तुकडीतला पाद्री आणि वार्ताहर विरोध करतात; त्याचा उपयोग होत नाही. खबऱ्या बोलतो. पुढे जपानी येतात, लँगफर्ड त्यांच्या तावडीत सापडतो, आणि जपानी अधिकारी त्याच्यावर नेमका तोच डाव टाकतो. बोल, नाहीतर तुझी माणसं मरतील. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. फक्त कीटकांची किरकिर, पाण्याचा चुबुक आवाज आणि बंदुका. सगळं जंगल स्टुडिओत उभारलेलं आहे आणि ते कळतंही, तरी घुसमट खोटी वाटत नाही. ब्रिटिश कॅप्टनला युद्धगुन्हेगार म्हणायला या चित्रपटाला युद्धानंतर चौदा वर्षं पुरली. कित्येक देशांना त्याच्या दुप्पट काळ लागला आहे, आणि काहींचा अजून चालू आहे.

त्याच्या आदल्या वर्षीचा ‘ऑर्डर्स टु किल’ याहून शांत आणि याहून भीषण. दिग्दर्शक अँथनी अस्क्विथ, एका माजी ब्रिटिश पंतप्रधानांचा मुलगा. पटकथाकार पॉल डेन युद्धकाळात गुप्तहेरांना शिकवायच्या कामावर होता. एका तरुण अमेरिकन बाँबफेक्या वैमानिकाला पॅरिसमधल्या एका संशयित फितुराला मारायला पाठवतात. वरून शेकडो माणसं मारलेल्या या मुलाला एक माणूस जवळून मारायचा आहे. प्रशिक्षणाचा भाग जवळजवळ खेळकर आहे. मग तो पॅरिसला पोचतो, सावज भेटतं, आणि ते सावज एक भला, घाबरट, मांजर पाळणारा म्हातारा निघतो. पुढचं सांगत नाही. हत्येचा प्रसंग मात्र ज्याने पाहिला आहे त्याला कुठल्याही हेरकथेतला सफाईदार खून पुन्हा तसाच पाहता येत नाही.

‘वेंट द डे वेल?’ (१९४२) हा माझा सर्वांत लाडका, आणि युद्ध चालू असताना केलेला. इलिंग स्टुडिओचा हा चित्रपट दिग्दर्शित केला आल्बेर्तो काव्हालकान्ती या ब्राझिलियनाने, मूळ कल्पना ग्रॅहम ग्रीनच्या एका लघुकथेची. ब्रॅम्ली एंड या कल्पित खेड्यात (चित्रण बकिंगहॅमशायरमधल्या टर्व्हिल गावात झालं) ब्रिटिश गणवेशातले सैनिक मुक्कामाला येतात. गावकरी चहा पाजतात. हळूहळू खुणा दिसू लागतात: पत्त्यांच्या डावाचे गुण लिहिताना सातच्या आकड्याला मारलेली युरोपीय आडवी रेघ, सामानात सापडलेलं व्हिएन्नाचं चॉकलेट. हे जर्मन छत्रीधारी आहेत. आता इंग्रज खेड्याचं जे चित्र आपण अॅगाथा ख्रिस्ती वाचून मनात बाळगलेलं असतं, त्याचं काय होतं ते पाहा. पाद्र्याला चर्चच्या घंटेपाशी गोळी घालतात. पोस्टातली गोड म्हातारी जेवणाच्या टेबलावर बसलेल्या जर्मनाच्या डोळ्यांत मिरपूड फेकते आणि कुऱ्हाडीने त्याला मारते. मग मदतीसाठी फोन लावते, तर पलीकडची ऑपरेटर मैत्रिणीशी गप्पांत रंगलेली. बड्या घरची बाई पोरांना वाचवायला हातबाँबसकट खोलीबाहेर जाते. गावातला प्रतिष्ठित गृहस्थच फितूर असतो आणि त्याच्यावर मनातून प्रेम करणारी स्त्री त्याला गोळी घालते. लुटुपुटीचं काही नाही. आणि ही सगळी हकिकत सांगितली आहे ‘युद्ध संपल्यानंतर’च्या काळातून, ‘आम्ही जिंकलो’ हे गृहीत धरून, तेही १९४२ मध्ये! ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१० मध्ये तो नव्याने थिएटरांत लावला. तोवरची अनेक वर्षं त्याचा मुक्काम मुख्यतः टीव्हीवर होता.

‘द क्रुएल सी’ (१९५३) विस्मृतीत गेला असं म्हणता येणार नाही, पण आठवतो तो एका प्रसंगापुरता. कॅप्टन एरिक्सनच्या (जॅक हॉकिन्स) छोट्या युद्धनौकेला पाणबुडीची चाहूल लागते, नेमकी तिथे जिथे बुडालेल्या जहाजाचे ब्रिटिश खलाशी पोहत मदतीची वाट पाहत आहेत. तो पाण्यात स्फोटकं टाकायचा हुकूम देतो. खलाशी मरतात. खाली पाणबुडी होती की नव्हती, कळतही नाही. बाकीचा चित्रपट कामाविषयी आहे: पहारा, थंडी, कोको, न मिळणारी झोप, पुन्हा पहारा. चित्रणासाठी वापरलेली नौका खरीच त्या जातीची होती. ग्रीक नौदलात काही वर्षं काढून ती भंगारात निघाली होती. वाटेत तिच्याकडून ही भूमिका करून घेतली.

हे काम, ही थकावट इतकी खरी वाटते त्याला आणखी एक कारण आहे. पडद्यावरचे चेहरे तिथून आलेले होते. डेनहोम एलियट त्याचं बाँबफेकी विमान पाडलं गेल्यावर तीन वर्षं जर्मनांच्या कैदेत होता. अँथनी क्वेल अल्बानियात गुप्त मोहिमेवर होता. ‘डॅम बस्टर्स’मधला रिचर्ड टॉड नॉर्मंडीत पहिल्याच दिवशी छत्रीने उतरला होता. जॅक हॉकिन्सने युद्धाचा काळ भारतात काढला, सैनिकांच्या करमणुकीची नाटकं सांभाळत. समोर बसलेला प्रेक्षकही तिथूनच परतलेला. दोन्ही बाजूंना ठाऊक असलेलं मोठ्याने सांगायची गरज नव्हती. त्यामुळे या चित्रपटांत माणसं रडत नाहीत, सिगारेट पेटवतात. नंतरच्या पिढीला त्यात ताठा दिसला. मला त्यात संकोच दिसतो.

‘आइस कोल्ड इन ॲलेक्स’ (१९५८) इथे येतो. टोब्रुक पडायच्या बेतात असताना दारूच्या आहारी गेलेला कॅप्टन अॅन्सन (जॉन मिल्स), त्याचा सार्जंट-मेजर, दोन परिचारिका आणि वाटेत भेटलेला एक दक्षिण आफ्रिकी अधिकारी ‘केटी’ नावाच्या रुग्णवाहिकेतून वाळवंट पार करायला निघतात. तो दक्षिण आफ्रिकी जर्मन हेर आहे हे हळूहळू सगळ्यांना कळतं. पण वाळूच्या उंच चढावर गाडी उलटी, हँडल फिरवत फिरवत वर न्यायची असते तेव्हा त्याच्या खांद्यांशिवाय भागणार नसतं. अलेक्झांड्रियात पोचल्यावरच्या थंडगार बिअरच्या दृश्यासाठी खरी बिअर वापरली आणि वारंवार टेक झाल्याने मिल्सला खरीच चढली, हा किस्सा सर्वश्रुत आहे. ऐंशीच्या दशकात त्या दृश्याची बिअरची जाहिरातही झाली. त्यामुळे एक अख्खी पिढी चित्रपट न पाहता त्याचा शेवट पाहून बसली. मला विचाराल तर त्या शेवटातली खरी गोष्ट ग्लास नाही. हेर म्हणून गोळी खाण्याऐवजी युद्धकैदी म्हणून जगता यावं, यासाठी शत्रूच्या बाजूने, वाचलेल्या तिघांनी केलेली लबाडी ही आहे.

टोब्रुक म्हटल्यावर मराठी वाचकाने थोडं सावरून बसावं. २० जून १९४२ रोजी रोमेलने टोब्रुकच्या तटबंदीवर जिथे घाव घातला, तो भाग अकराव्या भारतीय ब्रिगेडकडे होता आणि त्यात सेकंड फिफ्थ मराठा लाइट इन्फन्ट्रीची पलटण होती. दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडलं; कैद झालेल्या तीस हजारांहून अधिक सैनिकांत तिची माणसंही होती. अॅन्सनची गाडी ज्या वेढ्यातून निसटते, त्या वेढ्यात सातारा-रत्नागिरीकडची पोरं मागे राहिली. चित्रपटात ती नाहीत. डंकर्कच्या माघारीत भारतीय सैन्याची खेचर-पथकं फ्रान्समध्ये होती. लेस्ली नॉर्मनच्या १९५८च्या ‘डंकर्क’मध्ये ती नाहीत, आणि २०१७च्या नोलनच्या ‘डंकर्क’मध्येही नाहीत. ब्रह्मदेशात लढलेल्या चौदाव्या सेनेत बहुसंख्य सैनिक भारतीय होते, पण ‘यस्टरडेज एनिमी’सारखा धीट चित्रपटही ते युद्ध गोऱ्या तुकडीचं म्हणूनच दाखवतो. इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडगे १९४४च्या जुलैत वरच्या टायबर खोऱ्यात पडले, त्यांचा पुतळा माणगावला आहे. त्यांच्यावर एका रिळाचाही कथापट इंग्लंडात झाल्याचं माझ्या पाहण्यात नाही. वर ज्या समीक्षकांशी मी भांडलो त्यांनीही ही उणीव काढलेली दिसत नाही. त्यांचं भांडण आपसातल्या वर्गांचं होतं.

भारताचा एक चेहरा मात्र या चित्रपटांत आहे, आणि तो पोलादी आहे. डिसेंबर १९३९ मध्ये दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेला तीन छोट्या क्रूझरांनी गाठलं: एक्झिटर, एजॅक्स आणि अकिलीस. जर्मन कप्तान लांग्सडॉर्फने माँटेव्हिडिओबाहेर आपली नौका स्वतः बुडवली आणि काही दिवसांत स्वतःला गोळी घालून घेतली. १९५६ साली पॉवेल-प्रेसबर्गरनी यावर ‘द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट’ केला तेव्हा एक्झिटर जावा समुद्रात बुडालेली होती आणि एजॅक्स भंगारात गेली होती. उरली होती अकिलीस. ती १९४८ मध्ये भारतीय नौदलात येऊन ‘आयएनएस दिल्ली’ झाली होती. चित्रपटात तिने स्वतःचीच भूमिका केली. ग्राफ श्पेसाठी अमेरिकी नौदलाची ‘सालेम’ आणावी लागली आणि एजॅक्ससाठी ‘शेफील्ड’. अकिलीसला बदली नट लागला नाही. चित्रपटानंतर पाच वर्षांनी, डिसेंबर १९६१ मध्ये, हीच नौका पोर्तुगीजांविरुद्ध दीवला तोफा डागत होती. १९७८ मध्ये ती निवृत्त झाली आणि मुंबईत मोडीत निघाली. चित्रपट मध्यम आहे, उत्तरार्धात फार बोलतो; पण लांग्सडॉर्फच्या भूमिकेतल्या पीटर फिंचसाठी आणि धुराच्या पडद्यातून वळणाऱ्या आपल्या ‘दिल्ली’साठी तो पाहावा.

आणखी एक धागा. १९४२चा ‘इन विच वी सर्व्ह’ नोएल कॉवर्ड आणि डेव्हिड लीन यांनी मिळून दिग्दर्शित केला. तो माउंटबॅटन यांच्या क्रीटजवळ बुडालेल्या ‘केली’ या नौकेवर बेतलेला. त्यात भीतीने जागा सोडून पळणारा एक पोरगेला खलाशी आहे. श्रेयनामावलीत त्याचं नावही यायचं राहून गेलं. तो रिचर्ड अॅटनबरो, पडद्यावर पहिल्यांदाच. वीस वर्षांनी त्याच्या डोक्यात गांधींवरच्या चित्रपटाने घर केलं, आणि नेहरूंपर्यंत पोचायला त्याला माउंटबॅटन यांचीच मदत झाली.

मराठी माणसाला दुसरं महायुद्ध बहुतेक पुस्तकांतून भेटलं: कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’, वाळिंब्यांचं ‘वॉर्सा ते हिरोशिमा’. सिनेमातून भेटलं ते ‘गन्स ऑफ नॅव्हरोन’ आणि ‘व्हेअर ईगल्स डेअर’सारख्या धमाकेबाज साहसांतून. मधलं, छोट्या नौकांचं आणि थकलेल्या माणसांचं युद्ध आपल्यापर्यंत पोचायला केबल यावी लागली. नव्वदीच्या दशकात कार्टून नेटवर्क रात्री नऊला संपायचं आणि त्याच वाहिनीवर टीएनटी सुरू व्हायचं, एमजीएमच्या जुन्या भांडारासकट. पोरांच्या हातून रिमोट सुटून मोठ्यांच्या हातात यायच्या त्या वेळेत माझ्यासारखे काही जण अर्ध्यातूनच एखाद्या काळ्या-पांढऱ्या चित्रपटात शिरत. नाव माहीत नाही, सुरुवात माहीत नाही, मधूनच कुणीतरी दुर्बीण डोळ्यांना लावलेली. अर्ध्यातून पाहिलेला चित्रपट शोधत राहावा लागतो. अख्खा पाहिलेल्याच्या वाट्याला हे भाग्य येत नाही.

टीव्हीने या चित्रपटांवर उपकारच केले असं नाही. जाहिरातींसाठी त्यांचे लचके तोडले, रंग घालवले. ‘डॅम बस्टर्स’मधल्या वैमानिकाच्या कुत्र्याचं नाव काळ्या लोकांसाठीची शिवी आहे, ते काही प्रक्षेपणांत गाळलं, काहींत ठेवलं, आणि दोन्ही बाजूंनी तक्रारी आल्या. माझं मत: नाव ठेवावं आणि आधी सूचना द्यावी. ते नाव सहज उच्चारणारी माणसंच ते युद्ध लढत होती, हेही त्या युद्धाबद्दलचं एक सत्य आहे. ‘टॉकिंग पिक्चर्स टीव्ही’ ही वाहिनी अशा सूचना देऊन जुने चित्रपट लावते. २०१५ मध्ये एका बापलेकीने सुरू केलेली ही वाहिनी मुख्यतः विस्मरणात गेलेल्या ब्रिटिश चित्रपटांवर चालते. नियोजकाचा योगायोग तिने धोरण म्हणून स्वीकारला आहे.

पुढच्या प्रकरणांचा क्रम काळाचा नाही. ज्यांनी एकही पाहिलेला नाही त्यांनी ‘वेंट द डे वेल?’पासून सुरुवात करावी, तो वेगवान आहे. ‘ऑर्डर्स टु किल’ रात्री उशिरा पाहू नये. ‘ब्लिंप’ पूर्ण लांबीचाच पाहावा, कापलेली प्रत हाती आली तर सोडून द्यावी. ‘ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ला इथे जागा दिलेली नाही. त्याला सात ऑस्कर मिळालेली आहेत, माझ्या एका प्रकरणावाचून त्याचं काही अडत नाही. जी जागा वाचली ती ‘यस्टरडेज एनिमी’ला दिली आहे, त्यामुळे ते प्रकरण या पुस्तकातलं सर्वांत लांब झालं.